सराफ्यातलं जुन्या नाण्यांचं दुकान आणि तिथून घेतलेला आलमगिरी रुपया

लई दिवसांपासून हे लिहायचं होतं. संभाजीनगरला सराफ्याच्या आतल्या एका गल्लीत जुन्या नाण्यांचं छोटं दुकान आहे, पाटी नाही, आणि मालकांनी नाव टाकू नको म्हणलंय म्हणून टाकत नाही, आम्ही सगळे त्यांना चाचाच म्हणतो. सिटी चौकाकडून आत आलात की दोन-तीन सोनारांना विचारा, कुणीही बोट दाखवून सांगेल. मी जालन्याहून सकाळच्या गाडीनं गेलो आणि संध्याकाळी परत येताना खिशात औरंगजेबाच्या काळातला एक हातोडीचा चांदीचा रुपया होता, त्याबद्दल आणि दुकानाबद्दल दोन्ही सांगतो, कारण मला वाटतं दोन्ही वेगळं करताच येत नाही.

आधी थोडं मागचं. आमच्या आजीच्या माळेत हाली रुपये होते, निजामाचे, चारमिनारवाले, आणि दोन-तीन इंग्रजांचे. आजी इंग्रजांच्या रुपयाला कायम कलदार म्हणायची. मला लहानपणी वाटायचं कलदार म्हणजे भारी, लखलखीत असं काहीतरी. नंतर कळलं की कल म्हणजे यंत्र, कलदार म्हणजे यंत्रावर पाडलेला. म्हणजे आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातच हा फरक होता, की एक रुपया मशीनचा आणि त्याच्या आधीचे सगळे रुपये हातोडीचे. मला तो हातोडीचाच एक हवा होता, आणि हवा होता तो आपल्याच शहरात पाडलेला.

पहिला मी ऑनलाइन घेतला, कुणाकडून ते सांगत नाही. फोटोत एकदम झकास, गोल गरगरीत, अक्षरं पूर्ण, चमक अशी की कालच पाडला. घरी आल्यावर हातात घेतला आणि काहीतरी खटकलं. मी सळईच्या कारखान्यात लॅबला आहे, धातू रोज हातात असतो, तर वजन केलं, १०.१ ग्रॅम. मोगली रुपया साडेअकराच्या आसपास असतो, झिजला तरी थोडा कमी होईल, इतका नाही. मग पाण्यातली टेस्ट केली, ती सांगून ठेवतो कारण घरी कुणालाही जमते. सोनाराकडे असतो तसा बारीक काटा घ्यायचा, त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणायचा, नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात सोडायचं, पूर्ण बुडलं पाहिजे पण तळाला टेकलं नाही पाहिजे. काटा जेवढा दाखवेल तेवढ्यानं नाण्याच्या वजनाला भागायचं. शुद्ध चांदी असेल तर साडेदहाच्या जवळ येतं. माझं आलं ८.४. म्हणजे पितळ, वरून चांदीचा मुलामा. भिंगातून बघितलं तर अक्षरांच्या कडेला बारीक बारीक फोड, म्हणजे ओतीव काम. हातोडीचा मार बसलेल्या धातूत असे बुडबुडे राहत नाहीत. पैसे काही परत मिळाले नाहीत आणि मला त्याचं खूप वाईट वाटलं, पैशापेक्षा जास्त म्हणजे आपण एवढे दिवस वाट बघितली त्याचं.

तर आता दुकान. बसायला दोन स्टूल, काचेचं एक कपाट, काउंटरवर काटा, भिंग आणि लाकडी ट्रे. गेल्या गेल्या मी म्हणलं, चाचा, आलमगीरचा रुपया दाखवा, खुजिस्ता बुनियादचा. आलमगीर हा औरंगजेबाचा किताब, आणि खुजिस्ता बुनियाद हे नाण्यावर येणारं आपल्याच शहराचं नाव. त्यांनी आधी चहा सांगितला आणि मग एक नाही, सहा रुपये काढून ट्रेमध्ये ठेवले, सहाही औरंगजेबाचे, पण वेगवेगळ्या टांकसाळींचे, आणि म्हणाले, "पहले हात में लेव बेटा, भाव बाद में." मला हे फार आवडलं. बाकी ठिकाणी नाणं प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढू देत नाहीत. इथं काटा तुमच्या समोर, भिंग तुमच्या हातात, पाण्याची टेस्ट करायची म्हणलं तर त्यांनी स्वतः ग्लासभर पाणी आणि दोरा आणून दिला. कुठलीही कुरकुर नाही.

त्या सहा रुपयांवर त्यांनी मला तासभर शिकवलं आणि ते मी जसं समजलं तसं लिहितो.

हातोडीचं नाणं कसं व्हायचं, तर चांदी गाळून पट्टी करायची, तिचे वजनाचे तुकडे पाडायचे, ठोकून गोल करायचे, तापवून नरम करायचे. मग एक ठसा खाली ऐरणीत पक्का बसवलेला, त्यावर चकती, वर दुसरा ठसा, आणि त्यावर घण. आईने अकबरी ह्या अकबराच्या काळातल्या ग्रंथात टांकसाळीतल्या माणसांची यादीच आहे, चकत्या पाडणारा तो जर्राब, ठसा कोरणारा मुहरकन, दोन ठशांच्या मध्ये चकती धरणारा तो सिक्काची, आणि घण मारणारा अजून वेगळा. सिक्का हा शब्दसुद्धा मुळात ठशाचा, नंतर नाण्याला लागला. ठसा कोरणाऱ्याला सगळी अक्षरं उलटी कोरावी लागायची, फारसी, ती पण पोलादात, आणि आपण ती आज सुलटी वाचतो. मी पोलादात काम करतो म्हणून मला हे ऐकून अंगावर काटा आला, तेवढ्याशा जागेत, हातानं, उलटं.

आता खरी गोम अशी की ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा. म्हणजे ठशावर पूर्ण मजकूर आहे पण नाण्यावर त्याचा काही भागच उमटणार, कुठला भाग येईल ते घण पडला त्या क्षणाला सिक्काचीचा हात कुठं होता त्यावर. म्हणून एकाच ठशातून निघालेले दोन रुपये एकसारखे नसतात, एकात टांकसाळीचं नाव पूर्ण आणि सन अर्धा, दुसऱ्यात सन स्वच्छ आणि नाव काठाबाहेर गेलेलं. आणि भाव सगळा याच्यावर ठरतो. चकाकीवर नाही, गोलाईवर नाही. टांकसाळीचं नाव, हिजरी सन, आणि जुलूसचं म्हणजे बादशहाच्या कारकिर्दीचं कितवं ते वर्ष, ह्या तीन गोष्टी चकतीवर आल्यात का बघायचं. हे मला आधी माहीत असतं तर मी ती फोटोतली गरगरीत पितळी चकती घेतलीच नसती, कारण मजकूर चारी बाजूंनी बरोबर मध्यभागी बसलेला रुपया दिसला की उलट जास्त बारकाईनं बघायला पाहिजे.

दुसरं त्यांनी असं सांगितलं की नाण्याचा जन्मजात दोष वेगळा आणि नंतर झालेली इजा वेगळी. ठसा एका बाजूला सरकणं, एका कडेला अक्षर फिकं उठणं, काठाला बारीक चीर जाणं, हे सगळं जन्माचं, घणाखालचं, त्यानं नाणं वाईट होत नाही. पण कडी झाळून माळेत घातलेलं, मग कडी काढून कानस मारलेलं, चिंचेनं नाहीतर पावडरनं घासून चकचकीत केलेलं, ही इजा. आपल्याकडे रुपयांच्या माळा किती, लमाण बायांच्या दागिन्यात किती, त्यामुळे कडी काढलेले रुपये मराठवाड्यात पुष्कळ फिरतात आणि ते साफ करून चांगले म्हणून विकतात. काठ बोटानं फिरवून बघायचा, एखाद्या ठिकाणी सपाट किंवा खडबडीत लागलं की समजायचं. चाचांनी त्या सहापैकी एक असा आहे हे स्वतःहून दाखवलं, मला कळलं नसतं, आणि त्याचा भावही जवळपास चांदीच्या भावालाच सांगितला.

अजून एक खूण म्हणजे सराफी ठसे. नाण्याच्या अंगावर छोटे छोटे खड्डे, टोचे, कधी फुलासारखे, कधी नुसत्या रेघा. त्या काळातल्या सराफांनी नाणं खरं का खोटं तपासून मारलेले. काही गोळा करणारे लोक असे रुपये नाकारतात. मला मात्र तेच आवडतात. कुणीतरी साडेतीनशे वर्षांपूर्वी हेच नाणं असंच उजेडाला धरून बघितलं, दगडावर वाजवून बघितलं, आणि खरं आहे म्हणून शिक्का मारला. खणखणीत, पारख, चलनी नाणं, बट्टा लागणं, हे आपले रोजचे शब्द सगळे त्याच सराफ्यातून आलेत. बट्टा तर अक्षरशः. चालू वर्षाच्या नव्या रुपयाला पूर्ण किंमत, वर्ष जुनं झालं की सराफ थोडे पैसे कापायचा, तो बट्टा. चांदी तीच, वजन जवळपास तेच, पण वर्ष जुनं म्हणून कपात. म्हणून तर नाण्यावर जुलूसचं वर्ष एवढं महत्त्वाचं, ते आज आपल्याला इतिहासासाठी लागतं, तेव्हा ते बाजारात रोज लागायचं.

आता मी घेतलेला रुपया. वजन ११.४२ ग्रॅम. पाण्यात काट्यानं १.१० दाखवलं, भागाकार १०.३८, म्हणजे चांदी चोख, मोगली रुपयात भेसळ फार कमी असायची. एका बाजूला बादशहाचा शेर, म्हणजे दोन ओळींचं फारसी काव्य, सिक्का जद दर जहाँ चू बद्र-ए-मुनीर, शाह औरंगजेब आलमगीर. अर्थ असा की पूर्ण चंद्रासारखं तेजस्वी नाणं शाह औरंगजेब आलमगीरानं जगात पाडलं. आणि चाचांनी सांगितलेली यातली सगळ्यात सुंदर गोष्ट, सोन्याच्या मोहरेवर हाच शेर आहे पण तिथं बद्र नाही, मेहर, म्हणजे सूर्य. चांदीला चंद्र आणि सोन्याला सूर्य. शाहजहानच्या रुपयांवर कलमा असायचा, औरंगजेबानं तो नाण्यावरून काढून टाकला आणि जागा ह्या शेराला मिळाली. माझ्या रुपयावर शेराचा वरचा भाग थोडा कापला गेलाय पण आलमगीर स्वच्छ वाचता येतं, मला फारसी येत नाही तरी दोन-तीनदा बोट फिरवल्यावर ओळखता यायला लागलं.

सन १०९८. आकडे वाचायला अवघड नाहीत, एक म्हणजे उभी रेघ, शून्य म्हणजे नुसता ठिपका, नऊ इंग्रजी नऊसारखा आणि आठ म्हणजे छपराच्या दोन पाख्यांसारखा. हिजरीचं इसवी करायला ०.९७ नं गुणून ६२२ मिळवायचे, अंदाज बरोबर येतो, इथं येतं १६८७. मागच्या बाजूला जुलूस ३०, मैमनत मानूस, म्हणजे शुभ अशा कारकिर्दीचं तिसावं वर्ष, आणि जर्ब खुजिस्ता बुनियाद, म्हणजे खुजिस्ता बुनियादला पाडलेला. बुनियादचा शेवट काठाबाहेर गेलाय. खुजिस्ता पूर्ण आहे. दोन्ही वर्षं एकत्र धरली की हा रुपया नोव्हेंबर १६८६ ते जुलै १६८७ ह्या आठ-नऊ महिन्यांतच कधीतरी पाडलाय, इतका नेमका काळ कुठल्या कागदाशिवाय, एका चकतीवरून कळतो.

ते महिने कोणते बघा. सप्टेंबर १६८६ ला विजापूर पडलं होतं. १६८७ च्या सुरुवातीपासून गोवळकोंड्याला वेढा पडलेला आणि तो सप्टेंबरपर्यंत चालला. म्हणजे हा रुपया बहुधा ऐन वेढ्याच्या दिवसांतला, नाहीतर त्याच्या थोडाच आधीचा. बादशहा तिकडं छावणीत, आणि त्याच्या दख्खनच्या ह्या शहरात टांकसाळीत घणावर घण पडतायत. चांदी कुठून यायची, तर सुरतेच्या बंदरातून, आणि तिथं यायची बरीचशी युरोपातून, मूळ खाण थेट अमेरिका खंडात, पोतोसीसारख्या ठिकाणी. व्यापाऱ्यानं चांदी आणून टांकसाळीत द्यायची, घडणावळ भरायची आणि रुपये घेऊन जायचं. गोवळकोंडा पडल्यावर तिथला शेवटचा कुतुबशाह अबुल हसन तानाशाह, त्याला आणून ठेवलं आपल्या दौलताबादच्या चिनी महालात. आपण सहलीला जातो, चिनी महालापुढं फोटो काढतो, तोच. त्या माणसाचं राज्य जात होतं तेव्हाचा हा रुपया आहे.

आणि खुजिस्ता बुनियाद म्हणजे शुभ पायाचं शहर. मलिक अंबरनं १६१० ला खडकी वसवली, त्याच्या मुलानं फतेहनगर केलं, १६५३ ला औरंगजेब सुभेदार असताना औरंगाबाद, नाण्यावर खुजिस्ता बुनियाद, आणि आता २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. रुपया जिथं पाडला त्याच गावात मी तो विकत घेतला, स्टूलवर बसून चहा पीत.

घरी आल्यावर आण्णांनी विचारलं, औरंगजेबाचं नाणं घरात कशाला. प्रश्न बरोबर आहे, आणि मराठवाड्यात तर कुणीही विचारेल. हा रुपया पाडल्यावर दोन वर्षांत, १६८९ ला, त्यानं संभाजी महाराजांना हाल करून मारलं, हे मी विसरत नाही आणि कुणी विसरू पण नये. पण मी आण्णांना ट्रेमधले बाकीचे पाच रुपये कोणते होते ते सांगितलं. एक सुरतेचा, एक बुऱ्हाणपूरचा, एक अहमदनगरचा, एक सोलापूरचा, एक विजापूरचा. हा माणूस १६८२ ला आपल्या शहरात आला तो परत उत्तरेत गेलाच नाही, पंचवीस वर्षं इथंच लढत राहिला, आणि १७०७ ला नगरजवळ मेला, कबर खुलताबादला. एवढी चांदी ओतली, एवढ्या टांकसाळी चालवल्या, आणि मराठे काही संपले नाहीत. ते रुपये तारखेनं ओळीत लावले की त्याची सगळी फरफट डोळ्यासमोर येते. आण्णांनी भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले आजीच्या माळेतले पण आण बघू बाहेर. दोन्ही शेजारी ठेवले. कलदारचा काठ दातेरी, अगदी सारखा, दोन कलदार एकमेकांवर ठेवले तर फरक सापडत नाही. ह्याचा काठ एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक. काठाला दाते का आले ते पण तेव्हा नीट समजलं, दाते नसले की काठ कापून चांदी चोरता येते आणि दिसत नाही, म्हणून तर सराफाला प्रत्येक रुपया तोलावा लागायचा.

आता दुकानाच्या कमी बाजू पण सांगितल्या पाहिजेत. भाव थोडा वर आहे. मला ५,५०० सांगितले, ५,००० ला दिला, सुरतेचा असता तर बराच कमी पडला असता कारण सुरतेचे रुपये सगळ्यात जास्त मिळतात. चांदी महाग झाल्यापासून सगळ्यांनीच भाव वाढवलेत हे मान्य, तरी दोनचारशे कमी व्हायला हरकत नव्हती. बिल मागितल्यावरच मिळालं, त्यावर मी आग्रह करून टांकसाळ, सन, वजन सगळं लिहून घेतलं, तुम्ही पण घ्या, नंतर विकायचं झालं किंवा कुणी विचारलं तर तेच कामाला येतं. आणि पॅकिंग चांगलं नाही. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात देतात, ते वर्षभरात चिकट होऊन नाण्यावर हिरवट थर धरतं. घरी येऊन लगेच कागदी होल्डरमध्ये टाकलं. चाचांना हे मी सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, पुढच्या वेळी बघू बदललंय का. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं, लांबून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा. गाडी लावायला जागा अजिबात नाही, पैठण गेटकडं लावून चालत या.

एक गोष्ट मात्र फार मोलाची वाटली. मी बसलो होतो तेव्हा एक जण रुमालात बांधून चाळीसेक रुपये घेऊन आला, म्हणे शेतात नांगरताना मडकं निघालं. चाचांनी हातसुद्धा लावला नाही. सरळ सांगितलं की जमिनीत सापडलेलं आधी कलेक्टरला कळवायचं, १८७८ चा कायदा आहे, मी घेणार नाही आणि तुम्ही पण दुसरीकडं विकू नका. तो माणूस नाराज होऊन गेला. मला नंतर म्हणाले, मडकं एकत्र राहिलं तर कळतं कुणी कधी पुरलं, त्यातलं सगळ्यात नवीन नाणं कुठल्या सालचं, एकदा चाळीस जणांकडं वाटलं गेलं की ती नुसती चांदी. धंद्यात असून असं बोलणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला, आणि खरं सांगायचं तर पाचातले पाच मी ह्यासाठीच देतोय, पाकिटाची आणि भावाची तक्रार तशीच ठेवून.

नवीन लोकांना एवढंच, रुपया घेतला की घासू नका. काळपट थर येतो तो येऊ द्या. रिठा नको, चिंच नको, टूथपेस्ट तर अजिबात नको. काठाला धरा, अक्षरावर बोट ठेवू नका. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं देशाबाहेर न्यायला बंदी आहे, बाहेरगावच्या पाहुण्याला भेट म्हणून देऊ नका.

मी आता शाहजहानचा दौलताबाद टांकसाळीचा रुपया सांगून ठेवलाय, कलमावाला, नाव चकतीवर पूर्ण आलेला पाहिजे म्हणलं. चाचा म्हणाले, पूर्ण नाव आलेला मिळायला वेळ लागेल, दसऱ्यानंतर एकदा चक्कर मार.